तोंडी परीक्षा

पोशेरा, ता. मोखाडा
९ डिसेंबर २०२४

प्रिय सुदेशदादा,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. नागली झोडून झाली, भात घरात आलं. थंडीने आईचा गुडघा धरतो, तरी रानात जायचं सोडत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते.

इंजिनिअरिंगचा निकाल लागला. कम्युनिकेशनच्या तोंडी परीक्षेत मी नापास. तुला नवल वाटणार नाही. टेबलापलीकडे, बाहेरून आलेल्या परीक्षकांशेजारी, कॉलेजचे सर म्हणून तूच बसला होतास. कॉलेजात नातं सांगायचं नाही, असं तू बजावलं होतंस. मी ते पाळलं.

परीक्षकांनी विचारलं, "एफएम सिग्नल पिरिऑडिक असतो का? ठरावीक काळाने पुन्हा तसाच येतो का?"

मी म्हणाले, "नेहमी नाही, सर. कॅरियर लहरीची वारंवारता आणि संदेशाच्या सुराची वारंवारता, यांचं गुणोत्तर दोन पूर्ण संख्यांत मांडता आलं तरच. नाहीतर तो कधीच पहिल्यासारखा परत येत नाही."

ते हसले. "दोन्ही पिरिऑडिक, मग सिग्नल असणारच की. कुठल्या आश्रमशाळेतून आलीस?" मग तुझ्याकडे वळले, "काय सर?"

मे महिन्यात आपल्या पडवीत बसून हे तूच मला शिकवलं होतंस. आश्रमशाळाही आपली एकच. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "चूक आहे, सर. ही मुलं नुसतं पाठ करतात."

बाहेर बाकावर आई होती. तुला भेटायचं म्हणून भाकऱ्या बांधून माझ्याबरोबर आली होती. तुम्ही दोघे बाहेर आलात तशी ती उठली.

"ओळखीच्या आहेत?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही. कुणाची तरी आई असेल."

एसटीत ती घाटभर म्हणत होती, "साहेबासमोर कसा बोलंल? नोकरी हाय त्याची." दिवाळीलाही तुझ्या वाटणीचं काढून ठेवलं. ते मला बघवेना. निकाल लागला त्या दिवशी टेबलाजवळ झालेलं सगळं मी तिला सांगितलं. तिला लागेल हे ठाऊक असूनच सांगितलं.

सिग्नल तिला कळला नाही. तिने एवढंच विचारलं, "तू बोललीस ते खरं व्हतं?"

"हो."

"त्याला ठावं व्हतं?"

"त्यानंच शिकवलेलं."

चुलीतलं लाकूड पुढे सारत ती म्हणाली, "मला नाय वळखलं ते चालंल. पोरीला खोटी पाडली."

गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्राची नवीन आशाताई घरोघरी माणसांची नोंद करत आली. "पोशीमावशी, मुलं किती?"

"एक पोरगी," आई म्हणाली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "एकच."

मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे. तू समोर असलास तरी उत्तर तेच देईन.

आईला पत्र पाठवू नकोस. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवणारी मी, आणि मी दाखवणार नाही.

हर्षदा