तुमच्या हॉटेलवाल्याला मी होडीत बसवलं

चि. भाऊजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

तुमची पाठ आता कशी आहे? जाऊबाईंचा खोकला एव्हाना गेला असेल, आणि गेला नसेल तर तुम्ही औषध आणायला विसरला असाल. मी ठणठणीत आहे. पाण्यावर बसून बसून मला दमा होणार असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांना सांगा, अजून झालेला नाही (खोकला कुणाला झाला, ते मी काढत नाही).

पत्र लिहायचं कारण असं, की परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, त्या हॉटेलवाल्याला तुम्ही नक्की केलंत तरी काय?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोलत राहिलात आणि फोन ठेवून दिलात. पत्रात मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण. होडी तुम्हा दोघा भावांची. तुमचे भाऊ गेल्यावर अर्धी माझी, अर्धी तुमची, हे मला मान्य. ती विकून मी तुमच्याकडे येऊन राहावं, या वयात एकटीनं पाण्यात जाऊ नये, हे तुम्ही काळजीपोटी म्हणता, तेही कळतं. पण भाऊजी, तुम्ही विकायला काढली ती आता नुसती होडी नाही, माझी नोकरी आहे.

लहानपणी मी गळ घेऊन बसले की वडील ओरडायचे, "मासे धरून पोट भरणार आहे का तुझं?" आज ते असते तर त्यांना जेवायला बोलावलं असतं. धक्क्यावर माझी पाटी लागली आहे, 'गळाने मासे धरायला शिकवले जाईल' (रंगाऱ्याने हौसेनं शेजारी देवमासा काढला आहे; तो आमच्या तलावात आला तर तलाव बाहेर जाईल). शिकायला एक निवृत्त दातांचे डॉक्टर येतात. दोरी जराशी हलली की हिसका मारतात. जन्मभराची सवय, काय करणार! एक सासू-सून येतात. होडीत बोलायचं नाही हा माझा नियम, त्यामुळे त्या दोघींचं इथे फार छान जमतं, आणि शिकवणीचा खर्च घरातला मुलगा अगदी हसतमुखानं करतो. तलावावर देखरेख करणारे सरकारी साहेबसुद्धा मला हल्ली "बाई" म्हणून हाक मारतात, शाळेतल्या बाईंना मारतात तशी. पहिल्यांदा मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

शिकली नाही ती फक्त एक व्यक्ती, तुमचे भाऊ. ते वल्ही मारताना बोलायचे, आमिष लावताना बोलायचे, आणि मी गप्प बसा म्हटलं की गप्प का बसायचं यावर बोलायचे. मी वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात लिहिलं होतं, की होडीतलं बोलणं माशांपर्यंत पोचत नाही. लिहिणाऱ्यानं तुमच्या भावाला ऐकलेलं नव्हतं. ते गेल्यापासून मला मासे जास्त लागतात. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते. लोक म्हणतात, बाईंच्या हाताला गुण आहे. मी मान डोलावते.

तर होडी बघायला तुम्ही पाठवलेला तो हॉटेलवाला. पांढरे बूट, पांढरी पँट, कानाला फोन. आल्या आल्या होडीचा तळ ठोकून पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "लाकूड मऊ आहे. भोकं पडतील छान." मी विचारलं, कसली भोकं? तर म्हणे हॉटेलच्या दारात होडी ठेवायची, तिच्यात माती भरायची आणि फुलझाडं लावायची. पाणी झिरपून जायला तळाला भोकं हवीत. भाऊजी, हे तुम्हाला माहीत नसणार, असं मी धरून चालले आहे. माहीत असेल तर कळवू नका.

मी एवढंच म्हटलं, घेण्याआधी एकदा बसून तर पाहा. फोन डब्यात ठेवायला लावला (तो माझा सगळ्यांनाच नियम आहे) आणि तलावाच्या मध्यावर नेलं. फोन नाही म्हटल्यावर बिचाऱ्याला हातांचं काय करावं ते सुचेना. कान चाचपून झाला, गुडघे चोळून झाले. म्हणून मी गळाची काठी दिली, धरा जरा म्हटलं. यात माझा काय दोष? लगेच मासा लागला.

"वहिनी, ओढतोय! ओढतोय तो मला!"

"ओढू दे. तुम्ही बसा."

"अहो, बसू कसा!"

उभा राहिला, होडी डुलली, आणि शेवटी बसला तो गांडुळांच्या डब्यावर. पांढऱ्या पँटचं पुढे काय झालं, ते जाऊबाईंना वाचून दाखवू नका. मासा मात्र सोडला नाही पठ्ठ्यानं. तळहाताएवढा मासा, पण दोन्ही हातांत असा धरला होता, जसं पहिलं मूल. मग म्हणाला, "आणखी एक धरू?" अंधार पडेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. बायको शोधत धक्क्यावर आली, तर तिलाच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आता दर आठवड्याला येतो. काल डॉक्टरांना सांगत होता, "या होडीला कुणी हात लावून तर बघू दे!" मी काय केलं म्हणून तुम्ही विचारलंत, मी हे केलं.

जाऊबाईंना नमस्कार. मुलांना पापा (मोठ्याला मिशा फुटल्यात, तर त्याला नुसता आशीर्वाद).

तुमची,
वहिनी

ता. क. तुमचा अर्धा भाग मी मागत नाही, तो तुमचाच राहू दे. फक्त विकू नका. शिकणारे वाढलेत, एक गट होडीत असतो तेव्हा दुसरा धक्क्यावर ताटकळत बसतो आणि निघून जातो. त्यांच्याशी बोलत बसेल असं कुणीतरी हवं. असा माणूस आपल्या घराण्यात एकच उरला आहे. पाठ दुखते ते मला माहीत आहे, पण बोलायला पाठ लागत नाही.

ता. ता. क. सोमवारी शिकवणी नसते. त्या दिवशी तुम्हीच वल्ह्यांजवळ बसा आणि काय बोलायचं ते बोला. फोनवर तुमचा आवाज हुबेहूब त्यांच्यासारखा येतो, म्हणून तर परवा मी मध्ये बोलले नाही. सोमवारी मी गळ आणणार नाही.