हामामात्सुतली करकरणारी पेडलं

हामामात्सु, जूनअखेर

ती. मिसाओताईस,

धाकट्या भावाचा, शिगेयुकीचा, कमरेतून वाकून नमस्कार. तिकडे ओसाकात तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तुम्हा दोघांची भांडणं आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे क्षेम आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाच.)

बाबांची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. त्र्याऐंशी उलटली तरी रोज सकाळी किल्ल्यांची पिशवी सायकलला अडकवून लोकांचे पियानो सुरात लावायला निघतात. धंदा आम्हा बापलेकांचा एकच, त्यामुळे मी थांबवायला गेलो तर 'गिऱ्हाइकं पळवतोस काय रे?' असं विचारतील. अडचण एवढीच, की हिवाळ्यापासून त्यांच्या कानांनी वरच्या सुरांशी बोलणं टाकलं आहे. डावीकडच्या जाड तारा अजूनही चोख लावतात. मधलं कामही ठीक. पण उजव्या टोकाला पोचले, की पुढे जे वाजतं ते ऐकून आंबटढाण उमेबोशीचं लोणचं चावल्यासारखं तोंड होतं. ते स्वतः मात्र शेवटची पट्टी वाजवून समाधानाने मान डोलावतात आणि झाकण लावतात.

आता तुमच्या ओसाकात हे पहिल्याच घरी कोणीतरी तोंडावर सांगितलं असतं. आमच्या गावात काय होतं? घरची बाई 'वा, वा, काय मोकळा झाला हो आवाज!' म्हणते, चहा देते, तांदळाच्या गोड मोचीची बशी पुढे करते, आणि सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात वाकून उभी राहते. मग दार लावून मला फोन. 'नागुरासान, पेडल जरासं करकरतंय हो. सवड झाली तर...' पेडलाला काहीएक झालेलं नसतं, हे तिला ठाऊक, मलाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी मी जातो, वरचे सूर पुन्हा लावतो, चहा पितो, मोची खातो. (बाबांच्या मागोमाग गावभर मोची खाऊन माझा पट्टा आता शेवटच्या भोकावर आला आहे.) असं चालता चालता आख्ख्या हामामात्सुची पेडलं करकरू लागली. बाबांच्या हे कानावर गेलंच. हल्लीच्या मालात राम उरला नाही, असं म्हणून त्यांनी पिशवीत तेलाची बाटली ठेवायला सुरुवात केली. आता जातील तिथे सगळी पेडलं आधी तेलात न्हाऊ घालतात.

गेल्या आठवड्यात ते उबुकाताबाईंकडे गेले होते. तुझ्या बोटांवर पट्टी मारणाऱ्या त्याच बाई. अजून पियानो शिकवतात, अजून मारतात. रविवारी त्यांच्या शिकवणीतल्या मुलांचा वार्षिक कार्यक्रम होता. मी फोनची वाट पाहिली, आला नाही. शेवटी न बोलावता गेलो आणि म्हणालो, 'बाई, पेडल...' बाई म्हणाल्या, 'पेडल उत्तम आहे. बस.' वरचे सूर वाजवून पाहिले. जे वाटलं होतं तेच. मी म्हटलं, बाई, फोन का नाही केलात? तर म्हणाल्या, 'तुझे बाबा शेवटच्या पट्टीला कान लावून बराच वेळ बसले होते रे. वाजवायचे, थांबायचे, पुन्हा वाजवायचे. माझ्याच्याने बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.' मग म्हणाल्या, 'लाव आता. पोरं काय वाजवणार नाहीतर?'

मी निम्म्यावर आलो असेन, तोच दारात बाबा. तारांमध्ये अडकवायची लोकरी नमद्याची पट्टी विसरले होते. माझी किल्ली वरच्या खुंट्यांवर, आणि मी चोरासारखा उभा.

'तू रे इथे कसा?'

'पेडल, बाबा.'

'हो हो, पेडलच,' जन्मात खोटं न बोललेल्या उबुकाताबाई म्हणाल्या. 'सकाळपासून नुसती करकर.'

बाबांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग हळूहळू गुडघ्यांवर बसले, पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चिडीचूप पेडल, ताई. त्यांनी मान हलवली. 'आहे खरं. करकरतंय.' आणि बाटली काढून शांतपणे तेल घालायला लागले. मला म्हणाले, 'तू वरचं चालू ठेव.' मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. ते लपवायला मी पियानोत डोकं घातलं. रविवारी पोरांनी छान वाजवलं. टाळ्या वाजल्यावर बाबाच सगळ्यांत जास्त वाकले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण नगरभवनाच्या व्यवस्थापकाने, जुन्या माणसाचा मान म्हणून, तिथला मोठा पियानो ऑक्टोबरातल्या मैफलीसाठी बाबांच्या हाती दिला आहे. बाबा हो म्हणून बसले. वाजवणारी बाई तोक्योची. ती काही पेडलाबद्दल बोलणार नाही. बोलेल ते भर मंडळीत बोलेल, आणि बाबांचं आयुष्यभराचं नाव तिथल्या तिथे जाईल. त्याआधी घरच्या कोणीतरी सांगायला हवं. मी सांगायला म्हणून कितीदा त्यांच्यासमोर बसलो आणि 'अजून चहा?' विचारून उठलो.

असो. भावोजींना माझा दंडवत, आणि त्यांच्यापासून गोड लपवून ठेव.

तुझा भित्रा भाऊ,
शिगेयुकी

ता. क. पितरांना दिवे लावायला ओबोनला येशील ना? तू तीस वर्षं ओसाकात काढलीस, जिथे सुनेला पहिल्याच दिवशी 'तुझं सूप पाणचट झालंय' असं सांगतात. बाबांना तेवढं एक वाक्य सांग. तुझं ते ऐकतील.

ता. क. २. वरचं आमच्या हिने, रित्सुने, वाचलं आणि म्हणाली, अर्धंच लिहिलंत. तर लिहितो. हे फोनवर सांगू नकोस, ये. रविवारी तुझा फोन आला की बाबा 'हो, हो' म्हणतात, हसतात, 'छान, छान' म्हणतात, आणि बाबा किती मजेत आहेत म्हणून तू खूश होतेस. फोन ठेवल्यावर ते रित्सुकडे वळून हळूच विचारतात, 'मिसाओ काय म्हणाली गं?'