हैदराबादचे पाच महिने

४ नोव्हेंबर, मंगळ.
ड्युटीवरून आलो तर प्राची दारातच उभी. "पप्पा, डोळे मिटा." मिटले. उघडले तर मोबाइलवर हैदराबादची तीन तिकिटं. ५ डिसेंबर, शुक्रवारची गाडी. चार दिवस. पोरीची पहिली नोकरी, पहिली सुट्टी, तीही आईबापाला घेऊन. म्हणे, "तुम्ही तरुणपणी जिथे राहिलात ते सगळं बघायचं. ती खोली, ते इराण्याचं हॉटेल, ती गल्ली."
सुरेखा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.
मी आयुष्यात हैदराबादला गेलेलो नाही.

६ नोव्हें., गुरु.
इथे तरी खरं लिहितो. एकविसाव्या वर्षी, कामाला होतो त्या लूमच्या कारखान्यातून कापडाचे तागे चोरले. मी आणि एक टेम्पोवाला. पाच महिने जेल. बाबांनी गावात, शेलारला, सांगून टाकलं, पोरगा हैदराबादला कामाला गेलाय. सुटून आलो तर जो तो विचारायचा, कसं आहे रे हैदराबाद? बराकीत यादगिरी नावाचा तिकडचा आचारी होता. पाण्यासारख्या वरणासमोर बसून चारमिनारमागच्या गल्ल्या, दम दिलेली बिर्याणी, चहात बुडवायची उस्मानिया बिस्किटं असं काही सांगायचा की भूक आणखी खवळायची. त्याचंच सगळं माझं म्हणून सांगत आलो. आधी गावाला, मग लेकीला, मांडीवर घेऊन.
सुरेखाला लग्नानंतर वर्षभरात सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, मुलगी मोठी झाली की तिला तुम्हीच सांगा.
मुलगी तेवीस वर्षांची झाली.

९ नोव्हें., रवि.
प्राची वही घेऊन बसली. पहिला दिवस चारमिनार, लाड बाजार, मग बिर्याणी. दुसरा दिवस गोवळकोंडा. मग म्हणाली, "पप्पा, तुमच्या खोलीचा नकाशा काढून द्या ना."
काढला! दार, मोरी, खिडकी. खिडकीबाहेर लिंबाचं झाड. झाड तेवढं खरं, बराकीच्या जाळीतून दिसायचं.
तिने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

१३ नोव्हें., गुरु.
काल्हेरच्या गोडाऊनवर दोन ट्रकच्या मधल्या वेळात मोबाइलवर हैदराबादचे रस्ते पाठ करतोय. पन्नाशीला टेकलेला माणूस. परीक्षेला कॉपी लिहून न्यावी तसं.
सु. म्हणाली, "अजून वेळ आहे." गाडीला, की सांगायला, विचारलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
शेलारला आईकडे. म्हटलं, प्राचीला सांगून टाकतो. आई एकदम ताठ बसली. "न्हाय सांगायचं. तुझा बाप मरंपर्यंत बोलला न्हाय. आता तू कशाला तोंड उघडतंस? पोरीचं लगीन व्हायचं हाय."
परत येताना बरं वाटत होतं. आईने नको म्हटलं म्हणून. असा मी.

१९ नोव्हें., बुध.
आज वाईट झालं.
जेवताना प्रा. म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगता त्या रस्त्यावर तो इराणी नाहीच. नकाशात बघितलं. आणि चारमिनारवरून तुमची खोली चालत पाच मिनिटं कशी असेल? तिथे तर..."
मी ताट सरकवलं. ओरडलो. "बापाची उलटतपासणी घेतेस? एवढी शिकलीस ती यासाठी?"
पोरगी रडवेली झाली. "सॉरी पप्पा. मला तुमची जागा नीट सापडावी म्हणून बघत होते."
तिने माझी माफी मागितली. तिने.
सु. ताटं उचलायला लागली.

२३ नोव्हें., रवि.
सांगितलं. सकाळी चहा झाल्यावर, दोघींसमोर. चोरी, जेल, यादगिरी. वाटलं होतं तिथेच थांबेन. पण थांबता आलं नाही, सुरेखालाही कधी न सांगितलेलं बाहेर पडलं.
चोरीचा आळ आधी लूमच्या वॉचमनवर आला होता. सुलेमान चाचा. रोज मला हाक मारून चहा पाजणारा. शेठच्या माणसांनी त्याला आवारात सगळ्यांसमोर मारलं. मी आत माझ्या लूमवर उभा. दोन दिवस गप्प. टेम्पोवाला पकडला गेला तेव्हा त्याने माझं नाव घेतलं. मी आपणहून बोललो नाही.
प्रा. फरशीकडे बघत होती. मग, "ते चाचा कुठे असतात?"
"तेव्हा कामतघरला राहायचे. आता माहीत नाही."
"शोधलंत कधी?"
"नाही."
सु. उठून आत गेली.

२६ नोव्हें., बुध.
प्रा. बोलत नाही. आईमार्फत चालू आहे. "आई, पप्पांचा डबा राहिला." दुपारी गोडाऊनवर तिचा मेसेज आला, "तिकिटं ठेवू की रद्द करू?" आधी पप्पा लिहायची, तेही नाही. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं.
सु. रात्रीच्या भाकऱ्या थापताना म्हणाली, "जेलचं मी केव्हाच सोडलं होतं. पण हे..."

३० नोव्हें., रवि.
कामतघर. घरी सांगूनच निघालो होतो. जुन्या लूमच्या मागे दोन-तीन ठिकाणी विचारलं. चाळ तीच, खोली बदललीय. चाचांची सून दारात आली. "कौन आया है बोलूँ?" माझं नाव सांगितलं, लूम सांगितली. ती आत गेली. आत बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं होतं. पाय निघून जायला बघत होते.
ती बाहेर आली. "याद नहीं, बोल रहे. पर बैठिए, बोले."
बसलो. चाचा भिंतीला धरत बाहेर आले. केवढेसे झालेत. माझ्याकडे बघत राहिले. खरंच आठवत नसेल, की आठवून तसं म्हणाले, कळेना. सुनेने चहा ठेवला. मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं, ते माझ्या कामाचं. जे सांगायला आलो होतो ते ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. उठताना म्हटलं, "चाचा, फिर आऊँ?"
"आओ ना. किसने रोका है?"

घरी आलो तर प्राची सोफ्यावर. आठवडाभरात पहिल्यांदा समोर बघून बोलली.
"सांगितलंत?"
"त्यांना आठवत नाही म्हणे."
"तुम्हाला आठवतंय ना?"
ती हलली नाही, मीही नाही. शुक्रवारला पाच दिवस आहेत. तिकिटं अजून रद्द केलेली नाहीत, हे सु.कडून कळलं.