मागच्या खोलीचा न्यूट्रल

बाबा,

स्वयंपाकघरातला ओटा मी बांधला. न्हाणीघराची फरशी मी बसवली, आणि उतार असा काढला की बादली उलटली तरी थेंब दाराकडे येत नाही. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या नळांपर्यंतचे सगळे पाइप माझ्या हातचे. सतरा जोड आहेत, एकही गळत नाही. मोटरसायकलचं इंजिन दोनदा उतरवून पुन्हा चढवलं, एकदा रिंगांसाठी, एकदा क्लचप्लेटांसाठी. दुसऱ्या वेळी एक वॉशर उरला, तरी गाडी अजून चालते. दोन्ही कूलर मी केले. लोखंडी अँगल कापले, वेल्डिंग शिकलो, आतून दोन हात डांबर मारलं. घराची वायरिंग मी केली. आणि ज्याचा मला सगळ्यांत जास्त अभिमान होता ते हे, की फ्रीज, गिझर, वॉशिंग मशीन, दोन्ही कूलर, प्रत्येकाला वेगळी हिरवी तार ओढून अर्थिंग दिलं. आमच्या गल्लीत असं अर्थिंग कोणाकडेच नाही. मागच्या मंगळवारपर्यंत ही यादी मी पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत होतो.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास तुमची सून कूलरमध्ये पाणी भरत होती. मी मागच्या खोलीत पंख्याखाली पडलो होतो. ती ओरडली नाही, बाबा. हे मला अजून समजत नाही. मला ऐकू आला तो पाण्याचा आवाज. कूलरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा आणि फरशीवर पडणाऱ्याचा वेगळा, मी कूलर केलेला माणूस आहे, मला तेवढं कळतं. मी पडल्या पडल्या ओरडलो, "अवं, पाणी वाया चाललं ना! लक्ष कुठं आहे?" पाणी पडतच राहिलं. चिडून उठलो, बाहेर आलो, तर ती कूलरची जाळी डाव्या हाताने धरून उभी. उजव्या हातातला पाइप खाली पडलेला. पायाखाली पाणीच पाणी. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती, आणि तोंडातून शब्द नाही. तिथून मेन स्विच अकरा पावलांवर आहे. नंतर मी मोजली. मेन पाडला तशी ती खाली बसली.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढून पाहिली, हृदय ठीक आहे म्हणाले. तळहातावर जाळीच्या तीन काड्या उमटल्या आहेत. शुद्धीत तर ती होतीच, पण बोलली ती परत येताना रिक्षात. म्हणाली, "कूलर बंदच होता. मी बटन पाहूनच भरते नेहमी." मी म्हटलं, चालू राहिला असेल. ती म्हणाली, "बंद होता." घरी येऊन मी बघितलं. बंद होता. प्लगसुद्धा अर्धा बाहेर आलेला.

बंद असलेल्या कूलरमध्ये वीज कुठून आली हे मला त्या दिवशी सांगता येईना. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगतो, इथे लीकेज आहे, तिथे जोड ढिला आहे. स्वतःच्या घरात मी मेन पाडून अंधारात बसून राहिलो. तुम्ही मला पहिली नोकरी लागली तेव्हा महाल भागातल्या दुकानातून टेस्टर आणून दिला होता, तो खिशात होता. मेन परत चढवून कूलरला लावायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन करून वायरमन काकांना बोलावलं. मला विचारलंही नाही. तुमच्या गिरणीत विजेच्या खात्यात होते ते; आता पंचाहत्तरीला आले, तरी स्कूटरला पिशवी अडकवून आले. त्यांनी मेन चढवला, मागच्या खोलीतला पंखा तेवढा लावला आणि टेस्टर काढला. कूलरच्या पत्र्याला लावला, दिवा पेटला. मग फ्रीजच्या दाराला. पेटला. वॉशिंग मशीनला. पेटला. न्हाणीघरात गिझरच्या नळाला लावला, बाबा, नळाला, आणि तिथेही तो बारीक लाल दिवा पेटला. जिथे जिथे मी हिरवी तार नेली होती तिथे तिथे. मी मागे मागे फिरत होतो. काकांनी पंखा बंद केला. सगळं विझलं.

"मागच्या खोलीचा न्यूट्रल कुठून आणला गा?"

मी बोर्डाकडे पाहिलं.

"तुले विचारून राहिलो. कोणं केलं हे?"

"मीच," म्हटलं.

तुमची सून दारात उभी होती, हाताला पट्टी. तिला कळावं म्हणून काकांनी सांगितलं की विजेला यायला एक तार लागते आणि परत जायला एक. परतीची ती न्यूट्रल. तिसरी हिरवी तार फक्त बिघाडासाठी. कुठल्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर तिने ती जमिनीत न्यायची, एरवी काही वाहायचं नाही. "यानं मागच्या खोलीची परतीची वीज त्या हिरव्या तारेवर सोडली. जमीन ओली होती तवर जमिनीनं घेतली. जमीन सुकली, मंग कुठं जाईन? तारेवर वापस. अन् तार तं यानं समद्या घरात फिरवली, मोठ्या हौसेनं. तिले बटन नसते, कूलर बंद असो का चालू." मग माझ्याकडे वळून, "पंखा हळू फिरत होता का नाही इतक्यात?"

फिरत होता. पंधरा दिवसांपासून. मी कंडेन्सर बदलला होता. तरी हळू, म्हणून व्होल्टेजला शिव्या दिल्या. आणि कूलर झटके देतो हे तिनेही मला दोनदा सांगितलं होतं. मी काय केलं? नागपुरात प्रत्येक घरात करतात तेच केलं. कूलरपुढे लाकडी पाट टाकला आणि म्हटलं, यावर उभी राहून भरत जा. मंगळवारी तो पाट तिने पापड लाटायला आत नेला होता. म्हणजे मी ज्या पंख्याचा वारा घेत होतो, त्या पंख्याची परतीची वीज तिच्या हातात गेली. हे वाक्य मी आतापर्यंत चार वेळा लिहून खोडलं.

तो जोड मी केला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. लग्नाला दोन वर्षं झाली होती. भर मे महिन्यात मागच्या खोलीची न्यूट्रलची तार भिंतीतल्या पाइपात कुठेतरी तुटली. भिंत फोडायची म्हणजे नुकता लावलेला रंग जाणार. मी बोर्ड उघडला, हिरव्या तारेला जोडलं, पंखा फिरला. मला वाटलं, अख्ख्या गल्लीत हे फक्त मला सुचलं असतं. तुम्ही गांधीबागेतल्या दुकानातून जेवायला आला होता. गिरणी बंद पडल्यावर तिथे कापड मोजायचं काम धरलं होतं तुम्ही. स्टुलाखाली उभे राहून विचारलं, "हे काय केलं बे?" मी सांगितलं. तुम्हाला विजेतलं काही कळत नव्हतं, फ्यूज बांधता येत नव्हता, पण तुमच्या चेहऱ्यावर शंका आली. "हिरवी तार वेगळ्या कामाची असते ना? वायरमन सांगत होता गिरणीत."

"तात्पुरतं आहे. दिवाळीत भिंत फोडतो."

"धागा तुटला का तेव्हाच माग थांबवा लागते. कापड पुढं गेल्यावर सांधून काय करशीन?"

आजोबांच्या हातमागावर आणि मग गिरणीत, तुम्ही आयुष्यभर तेच केलं होतं. ताण्यातला एक धागा तुटला की थांबायचं, दोन बोटांत टोकं धरायची, गाठ मारायची, मग पुढे. मी कितीदा पाहिलं होतं ते. तरी स्टुलावरून म्हटलं, "तुमचा माग वेगळा, वीज वेगळी. तुम्हाला त्यातलं कळत नाही." आई ताट वाढत होती, तिचा हात थांबला. तुम्ही जेवलात आणि दुकानात गेलात. दिवाळी आली, गेली. पंखा फिरत होता. मी भिंत फोडली नाही.

काकांनी मला अंगणात नेलं. "अर्थिंगचा खड्डा दाखव."

हिरवी तार जमिनीत उतरते ती जागा; मी फरशीकडे बोट केलं. अंगणाला मी याच हिवाळ्यात फरशी लावली. भांडी घासायच्या जागेचं पाणी त्या कोपऱ्यात मुरायचं, चिखल व्हायचा, म्हणून पाइप टाकून ते थेट नालीत सोडलं. फरशी अशी बसवली आहे की सांध्यात नख जात नाही. काका खाली उकिडवे बसले, फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काम नंबरी आहे." मग तसंच बसून, माझ्याकडे न बघता, "तुया बाबा टाकत होता ना गा यात पाणी. रोज दोन बादल्या."

मला आठवलं. उन्हाळ्यात सकाळी तुम्ही अंघोळीआधी दोन बादल्या त्या कोपऱ्यात ओतायचात. तिथे झाड नव्हतं, तुळस नव्हती. मी समजत होतो म्हातारपणाची सवय. एका वर्षी नळाला दिवसाआड पाणी होतं, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो, "काहून मातीत ओतून राहिले पाणी? टँकर तुम्ही बोलावणार का?" तुम्ही म्हणालात, "पेते ते." एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून पिण्याचं पाणी वाचवायला भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी आईकडून मागून न्यायला लागलात.

"मले येऊन विचारलं होतं त्यानं," काका म्हणाले. "पोरानं असं असं केलं, काय होईन? मी म्हटलं, काढून टाकाले सांग. तं म्हणे, सांगतलं, आयकत नाही. दुसरं काय करता येईन सांग. मी म्हटलं, जमीन ओली राहिली तवर धोका कमी. कोळसा-मीठ टाक, उन्हाळ्यात पाणी सोड. तो म्हणे, हे मले जमते." म्हणजे "कोणं केलं" हे काकांनी मघाशी माझ्याकडून फक्त वदवून घेतलं होतं.

तुम्ही आठ उन्हाळे ते केलंत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मधल्या काळात तुमच्या सुनेचं भांड्यांचं पाणी तिथे मुरत राहिलं, तिला माहीत नाही, मला माहीत नाही. आणि मग मी फरशी बसवली.

काकांनी छिन्नीने फरशी फोडली. मला फोडू दिली नाही. खाली माती विटेसारखी टणक झाली होती. "कशालेच हात लावू नको, खोलीत जाऊन उभा राह्य," म्हणाले आणि पंख्याचं बटन तेवढं लावायला सांगितलं. पंखा नेहमीसारखा मरगळलेला फिरत होता. बाहेरून पहिली बादली ओतल्याचा आवाज आला. काही झालं नाही. दुसरी. मग मिनिटभराने पंख्याचा आवाज बदलला. पाती दिसत होती ती दिसेनाशी झाली. टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं. मी खाली उभा होतो, बाबा, आणि मला घाम फुटला. अंगणात मातीत ओतलेल्या पाण्याने माझ्या डोक्यावरचा पंखा वेग घेत होता. वीज मला शिकवायला कोणी नव्हतं, मी स्वतः शिकलो, हे मी आयुष्यभर सांगत आलो. हे मात्र मला कोणीतरी दाखवायला लागलं.

काकांनी मेन पाडला, तो अजून खाली आहे. सोमवारपासून त्यांची दोन माणसं येतील, सगळ्या भिंती फोडतील. तुमची सून भिवापूरला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही हात नका लावू. पक्कडसुद्धा धरू नका. दुसऱ्याच्या हातानं काम झालं का फोन करा, मंग येईन." भांडली नाही. भांडली असती तर मला काही बोलता आलं असतं. मी हे ओट्यावर बसून लिहितो आहे, घामाने कागद हाताला चिकटतो आहे, आणि पक्कड, पाने, टेस्टर सगळं एका पेटीत घालून पेटी काकांकडे देऊन आलो आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही हे मला माहीत आहे. वायरिंगच्या जुन्या नकाशात घडी घालून ठेवीन.

एक राहिलं. निघताना तिने काकांसमोर विचारलं, "बाबांनी तुमाले कधीच म्हटलं नाही का, हे दुसऱ्याकडून करून घे म्हणून?" मी म्हटलं, "नाही. जोड काढ एवढं म्हणाले होते एकदा." काकांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीची दोरी आवळली. कारण त्यांना माहीत आहे. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही त्यांनाच घरी आणलं होतं. त्यांनी खोल्या मोजल्या, कागदावर लिहून दिलं, नवी तार, नवं अर्थिंग, मजुरी धरून, खाली बेरीज. गिरणीकडून मिळालेल्या रकमेतून पैसे तुम्ही देणार होता, पाकीट माझ्यापुढे ओट्यावर ठेवलं आणि म्हणालात, "तू फक्त हो म्हण." मी पाकीट न उघडता परत सरकवलं. नऊ हजार चारशे रुपये.