बाबांचंच कुलूप अडतं

सोमवार, १० नोव्हेंबर
आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअर टूलकिटमधली क्रिप्टोग्राफीची, म्हणजे पासवर्ड तपासणारी लायब्ररी बदलायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात! जुनी आता कुणी सांभाळत नाही. ती काढा, नवी बसवा, आणि चाललेलं काही अडता कामा नये. नागपूरच्या ऑफिसातून माझ्या वरिष्ठ प्राजक्ता मॅडम म्हणतात, "घरूनच तर करायचं आहे, सुचिता." जसं काही सौंसरला घरी मेंदू कमी लागतो.

बुधवार, १२
डोळे चुरचुरतात. काम तिथंच आहे.

शनिवार, १५
जुनीची गंमत कळली. लांब पासवर्ड ती पुरता वाचतच नव्हती! मराठीत टाकला तर सुरुवातीचे तीन-चार शब्द पाहायची आणि कुलूप उघडायची. पुढे काहीही लिहा. नवी शेवटच्या अक्षरापर्यंत तपासते.

बाबा मोहगावच्या संत्रा केंद्रावर क्रेटची नोंद आमच्याच टूलकिटवर करतात. त्यांचा पासवर्ड म्हणजे अख्खं घर — आजोबा, आजी, ते स्वतः, आई, राजूदादा, शेवटी मी शेंडेफळ. तेही मोठ्यानं म्हणत टाकतात. केंद्रावर सगळ्यांना पाठ असेल. सांगून थकले.

बुधवार, १९
नवी चढवली. सगळ्यांनी पासवर्ड नव्यानं टाकले. बाबांचा मीच टाकून दिला, होता तोच.

गुरुवार, २०
बाबांचं उघडत नाही. फक्त बाबांचं! "कालपर्यंत तं उघडत होतं. तुह्या नव्या कुलपातच खोट हाय." मी टाकलं — उघडलं. त्यांनी टाकलं — नाही. कीबोर्ड बदलला, मोबाईल बदलला. तेच.

शनिवार, २२
मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत जमलं नाही तर जुनी परत लाव. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. तिकडे केंद्रावर कुजबुज, आमच्या बाबांच्या, भगवंतरावांच्या जागी दुसरं कुणी बसवा म्हणून. माझ्यामुळे त्यांची खुर्ची जाणार.

रविवार, २३
आज त्यांच्या शेजारी बसून ऐकलं. "शालिकराम, वच्छला, भगवंतराव, मनकर्णा, राजू." बटण दाबलं. नाही.

"बाबा, अजून एक नाव आहे ना?"

त्यांनी पाचही नावं पुन्हा बोटांवर मोजली. "आपल्या घरात अजून कोन हाय वं?"

मी माझंच नाव सांगितलं. त्यांनी टाकलं. उघडलं. जुनी लायब्ररी त्यांच्या विसरण्यावर किती दिवसांपासून पांघरूण घालत होती, कोण जाणे.