मिठाच्या पाण्याचा पेला

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं तर ऐकाल तर शपथ!

रविवारी मला कायमचं तुमच्याकडे न्यायला येणार म्हणालात. त्याआधी इथलं ऐका. आजारपणात मला हाक मारायला तुमच्या भावानं स्वतः जोडलेली सेलवरची बेल आठवते ना? बटण त्यांच्या उशाशी स्टुलावर, बेल स्वयंपाकघरात. हे गेले, तरी ती वाजायची. रोज संध्याकाळी. पूर्वीसारखी खणखणीत नाही, घसा बसल्यासारखी.

पहिल्यांदा माझ्या हातातलं भांडंच पडलं. खूप भ्यायले. नंतर मात्र कान तिकडेच असायचे. तुम्हाला बोलले नाही, तुम्ही तडक डॉक्टरकडे नेलं असतं.

गेल्या आठवड्यात शेजारीण चहाला बसली असताना वाजली आणि तिनं कप टाकून धूम ठोकली. मग वायरमनला बोलवावंच लागलं.

बटणाचं झाकण तुटलेलं, दोन तारा उघड्या. शेजारीच ह्यांचा पेला, त्याला बारीक चीर.

"काकू, भूत नाही, मीठ आहे," तो हसला. "साध्या पाण्यानं एवढं झालं नसतं. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते. ते तारांवर ओघळलं की वाट पुरी होते. पण गुळण्यांचं पाणी इथे ठेवतं कोण?"

 संध्याकाळ झाली की हात आपोआप ह्यांच्या गुळण्यांसाठी पाणी कोमट करतात, मीठ घालतात, नेऊन ठेवतात. त्याला काय सांगू?

हे वर्गात कसं शिकवायचे, आठवतं? व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे धार आणि ओहम म्हणजे आमची बायको, कशालाही आधी अडवणार! घरी हाकही तीच. ही सगळी माणसांची नावं, म्हणायचे. माणूस जातो, एकक राहतं.

वायरमननं तारांना पट्टी गुंडाळली. पेला टाकून द्या म्हणाला, मी मान डोलावली. तेव्हापासून घर चिडीचूप. वन्सं, भूत परवडलं हो! ही शांतता खायला उठते.

काल कपाटातून पेला काढला. पट्टी सोडवली, नवे सेल घातले. मीठ जरा जास्तच घातलं.

वाजली. "आले हो" म्हणत मी धावले.

कोण वाजवतंय ते मला ठाऊक आहे, वेड लागलेलं नाही. रविवारी या, जेवून जा. माझी बॅग मात्र भरू नका.

तुमच्या भावाची,
ओहम