चाफ्याची दुसरी फांदी

छोटे,

तुझा चाफा म्हणे यंदा नुसता लगडलाय. जो तो येऊन मलाच सांगतो. माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

आईच्या झाडाची एकेक फांदी आपण दोघींनी नेली. आईने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आठ दिवस सावलीत ठेव, चीक सुकला की मगच लाव. नाहीतर कुजेल." तुला मात्र मी म्हटलं, "लगेच लाव, भरपूर पाणी घाल." कुजावी म्हणूनच. लहानपणापासून सगळं कौतुक तुझं. निदान आईचा चाफा तरी माझ्या एकटीचा असावा, वाटलं.

पाच वर्षं झाली. माझ्या कुंडीत नुसती पानं. आणि तू सगळ्यांना सांगतेस, "ताईने सांगितलं तसंच लावलं."

काल तुझं पार्सल आलं. त्यात फांदी आणि चिठ्ठी: "ताई, ही लावून बघ. आधी आठ दिवस सावलीत ठेव हं. आईने तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक होतं!

मोठी मी. पण मन मोठं करायचं, तेही तूच करून बसलीस. माझ्यासाठी काही म्हणून ठेवलं नाहीस.

फांदी सावलीत ठेवलीये.

अजूनही जळणारी,
तुझी ताई